पक्षनोंदणीचे कागद करून देणारी सेवा, शिवाजीनगर : साडेतीन तारे

काम चोख, पण तपासणी ढिली. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २९अ आणि निवडणूक आयोगाच्या अटी यांना तोंडपाठ आहेत: स्थापनेपासून ३० दिवसांत अर्ज, किमान १०० सदस्य, तेही मतदार, १०,००० रुपये शुल्क. संविधान, समाजवाद, धर्मनिरपेक्षता, लोकशाही यांवरच्या निष्ठेचं कलम पक्षाच्या घटनेत कायद्याच्याच शब्दांत घालतात, हे उत्तम. तिथं भाषेचा फुलोरा नको.

गोची होते नावांत. प्रतिज्ञापत्रात 'गणपतराव', मतदार यादीत 'गणपत'! १०० नावं यादीशी स्वतः ताडून पाहा, आणि चार-पाच सदस्य जादा ठेवा.

चिन्हाचं गोड आश्वासन मात्र ऐकू नका. नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे; ती निवडणुकीतल्या कामगिरीवर मिळते. राखीव, म्हणजे एकाच पक्षासाठी ठेवलेलं, चिन्ह मान्यताप्राप्त पक्षालाच मिळतं.