पाळणा लांबवायचा तर छाया की कॉपर-टी?

लॉकडाऊनमध्ये घरोघरी पाळणे हलणार, असं २०२० मध्ये इंदूरभर हसत-हसत बोललं जायचं. झालं उलटच. नोकरीचा भरवसा नाही, दवाखान्याची पायरी चढायची धास्ती. आमच्यासारख्या कितीतरी जणांनी दुसरं मूल पुढे ढकललं. स्पेन, इटली, फ्रान्समध्येसुद्धा जानेवारी २०२१ मध्ये, म्हणजे पहिल्या लॉकडाऊननंतर नऊ-दहा महिन्यांनी, जन्म घटलेच.

छाया म्हणजे लखनौच्या सीडीआरआयची (केंद्रीय औषध संशोधन संस्था) बिनहार्मोनची गर्भनिरोधक गोळी, बाजारात सहेली नावानं मिळते तीच. तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. बायकोला हीच पसंत होती, मळमळ वगैरे काही नाही. तिनं रविवार धरला होता: सकाळी पोहे-जिलबी घरात आली की गोळी. मार्चअखेर कर्फ्यू कडक झाला, पोह्यांची दुकानं बंद, आणि रोजच रविवार! वारच कळेनासे झाले. मधेच कधीतरी ती विचारणार, "अरे, या आठवड्यातली घेतली का मी?" मग मी पाकिटातली रिकामी घरं मोजत बसणार. उशीर सात दिवसांच्या आत असेल तर गोळी चालू ठेवून पुढच्या पाळीपर्यंत कंडोम. त्याहून जास्त झाला, तर पुन्हा पहिल्यापासून आठवड्याला दोन. हिशेब सोपाच, पण पाळी येईपर्यंत जिवाला घोर.

कॉपर-टी, म्हणजे गर्भाशयात बसवायचं तांब्याचं छोटं साधन, त्या एप्रिलमध्ये हवी म्हणून मिळतच नव्हती. सरकारी दवाखान्यांत नसबंदीबरोबर तीही थांबवली होती. बसवल्यावर पहिले काही महिने पाळीत अंगावरून जास्त जातं, कंबर धरते. ते सोसलं बायकोनं, त्यामुळे माझं मत जरा सांभाळूनच घ्या. पण ओपीडी सुरू झाल्यावर बसवली, आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत, बाकी सगळ्याची ओढाताण चालू असताना, या विषयावर घरात बोलणंच निघालं नाही. औषधाच्या दुकानात खेप नाही, आशा दीदीची वाट बघणं नाही. कॉपर-टीचा ३८०-ए हा प्रकार दहा वर्षं चालतो, आणि मूल हवं झालं की काढून टाकता येतो.

पाळीत मुळातच फार जात असेल किंवा हिमोग्लोबिन कमी असेल, तर डॉक्टरांना विचारून छायाच बघावी. पीसीओडी (बीजकोशांचा विकार) असेल तर मात्र छाया देत नाहीत. बाकीच्यांना मी आपली कॉपर-टीच सुचवीन. फक्त बसवल्याची तारीख लिहिलेलं कार्ड आठवणीनं मागून घ्या. आम्हाला मागितल्यावरच मिळालं.