अझोला की डकवीड? नागपूरच्या उन्हात माशांसाठी काय लावावं

घरी गोल्डफिश आहेत, गच्चीवर एखादा टब ठेवायला जागा आहे आणि माशांना रोज थोडा ताजा हिरवा पाला मिळावा असं वाटतंय, तर विचारपूस करता करता गाडी दोनच नावांवर येऊन थांबते: अझोला आणि डकवीड, दोन्ही पाण्यावर तरंगणाऱ्या बारीक पानांच्या वनस्पती. मी दोन्ही लावून पाहिलं. अझोला दोन वर्षं होता, डकवीडचं आता तिसरं वर्ष चालू आहे. मधले सहा-सात महिने दोन्ही टब मानेवाड्यातल्या आमच्या गच्चीवर शेजारी शेजारी होते. मोजमाप काही केलेलं नाही, जे डोळ्यांना दिसलं तेवढंच सांगतो.

बाकीच्या तरंगत्या वनस्पतींच्या नादी लागलो नाही. जलपर्णी अंबाझरीत कशी माजते ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, ती घरात आणूच नये. वोल्फिया चांगली आहे, पण ती म्हणजे हिरवा रवा. गप्पी आणि मॉलीच्या पिल्लांना उत्तम, मोठ्या माशाच्या तोंडाला मात्र पुरत नाही.

प्रथिनांचे आकडे वाचून ठरवू नका, असं माझं मत आहे. सुकवलेल्या डकवीडमध्ये ती साधारण २० ते ४० टक्के असतात, अझोल्यात २० ते ३० च्या आसपास. आपण टाकतो तो पाला ओला असतो आणि त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. माशांचे विकतचे दाणे बंद करता येत नाहीत, कमी करता येतात. हे दोघांनाही लागू.

अझोला मला कळमेश्वरच्या मामेभावाने दिला. त्याच्या गोठ्यामागे प्लास्टिक अंथरून केलेला वाफा आहे, त्यात शेणकाला आणि थोडं सुपर फॉस्फेट टाकतात आणि निघालेला अझोला गाईंच्या ढेपेत कालवतात. एक पिशवी भरून आणली आणि पंधरा दिवसांत टब झाकला गेला. अझोल्याच्या पानाच्या पोकळीत एक निळं-हिरवं शेवाळ राहतं, ते हवेतला नत्र धरून त्याला देतं. त्यामुळे नत्राची काळजी नाही, स्फुरद (फॉस्फरस) तेवढं लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो इतका सुंदर वाढतो की सकाळी नुसतं बघत उभं राहावंसं वाटतं. थंडीच्या उन्हात कडा लालसर होतात, मखमल पसरल्यासारखी दिसते. हाताळायलाही सोपा, मूठ भरून उचलला की उचलला, बोटांना चिकटत नाही. त्या चार महिन्यांत डकवीड त्याच्यापुढे फिकं पडतं, हे मान्य करायलाच हवं.

मग एप्रिल येतो. पारा ४३-४४ वर गेला की दुपारी टबातलं पाणी अंघोळीच्या पाण्याइतकं कोमट लागतं. अझोल्याला २० ते ३० अंश मानवतात, पस्तिशीपुढे तो थकतो. मी दुहेरी ग्रीन नेट बांधलं, टब उचलून थर्मोकोलच्या पेटीत बसवला, रोज संध्याकाळी गार पाणी घातलं. तरी मधला भाग तपकिरी पडून बसला आणि वास सुटला. पण एवढ्यावरून मी अझोला सोडला नसता. नागपुरात उन्हाळ्यात काय जळत नाही? थोडं बियाणं सावलीत जपलं असतं आणि पावसात पुन्हा वाढवलं असतं.

सोडला तो मुळांमुळे.

त्या एप्रिलमध्ये एका रविवारी टाकीचा स्पंज फिल्टर, म्हणजे हवेच्या पंपावर चालणारा पाणी गाळणारा स्पंज, एकदम मंद झाला. एरवी भराभर येणारे बुडबुडे एकेक करून निघायला लागले. पंप बिघडला असेल म्हणून नळी काढून बघितली, हवा नीट येत होती. मग स्पंज बादलीत काढून पिळला तर बोटांभोवती काळी, केसांसारखी बारीक मुळं गुंडाळली गेली. स्पंजच्या प्रत्येक छिद्रात ती शिरली होती, चिमटीने ओढावी तर तुटायची. अझोल्याचं प्रत्येक मूळ दोन-चार सेंटीमीटरचं असतं, आणि उन्हाचा किंवा खताच्या कमतरतेचा ताण आला की झाड स्वतःच मुळं गाळतं. शिवाय माझे गोल्डफिश वरचं पान कुरतडायचे आणि मुळाचा पुंजका तोंडातून बाहेर टाकायचे. दोन्हीकडून कचरा फिल्टरमध्येच.

धुवून टाकला की झालं, असं वाटेल. पण आठवड्यातून दोनदा स्पंज पिळायला लागलो आणि पाणी गढूळ व्हायला लागलं. स्पंजमध्ये वाढलेले जीवाणूच माशांच्या घाणीतला अमोनिया पचवतात, त्यांनाच मी बादलीत पिळून टाकत होतो. माशांच्या भल्यासाठी लावलेल्या पाल्याने त्यांचंच पाणी बिघडावं, हे मला सहन झालं नाही. मुळं कात्रीने कापून पाला टाकायचा प्रयत्नही महिनाभर केला. रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर ते होत नाही.

डकवीडला एका पानामागे एकच मूळ, तेही बारीक आणि आखूड. मासा पान-मूळ सगळं एका घासात गिळतो. संध्याकाळी एक मूठ टाकली की सकाळी पृष्ठभाग स्वच्छ. त्या टाकीचा स्पंज आता तीन-चार आठवड्यांनी एकदा, टाकीच्याच पाण्यात हलका धुतो.

डकवीडबद्दलच्या तक्रारी खोट्या नाहीत. ते हाताला चिकटतं, बादलीला चिकटतं, जाळीतून दुसऱ्या टाकीत जातं आणि एक पान राहिलं तरी पुन्हा सगळीकडे होतं. झाडं लावलेली टेट्रांची (छोट्या शोभेच्या माशांची) टाकी असेल तर ते घरात आणण्याआधी दोनदा विचार करा, तिथे ते खाणारं कोणी नसतं आणि खालच्या झाडांचा उजेड अडतो. गोल्डफिशच्या टाकीत मात्र त्याला वाढायला वेळच मिळत नाही. मी टबासाठी वेगळा मग आणि चहाची जुनी गाळणी ठेवली आहे, ती दुसरीकडे वापरत नाही.

आणखी एक गोष्ट मनात बसली आहे. दर आठवड्याला टाकीतलं जे पाणी बदलतो ते मी डकवीडच्या टबात ओततो. डकवीड अमोनिया आवडीने शोषून घेतं, म्हणून शेण नको, खत नको. माशांची घाण टबात जाते आणि पाला होऊन त्यांच्याकडेच परत येते. वाढ जोरात असली की दोन-तीन दिवसांनी अर्धा थर काढावा लागतो, नाहीतर एकावर एक चढून खालचा पिवळा पडतो. मे महिन्यात तेही रोडावतं. पण कडेला सावलीत उरलेल्या दहा-वीस पानांतून मृगाच्या पावसानंतर टब पुन्हा भरला, नवं बियाणं आणावं लागलं नाही.

पावसाळ्यात डकवीडवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) पडतो, पानांवर बारीक काळपट ठिपके चालताना दिसतात. औषध अजिबात मारू नका, मासे खाणार आहेत. जाळी दाबून पाला पाण्याखाली धरायचा, मावा वर तरंगतो, तो गाळणीने उचलून टाकीत टाकायचा. मासे तुटून पडतात. टबात दोन-तीन गप्पी सोडा म्हणजे डासांच्या अळ्या होणार नाहीत. कूलरच्या पाण्यासारखीच टबाचीही जबाबदारी आपलीच.

तुमच्याकडे कोंबड्या किंवा गाय असेल, किंवा माशांचा सिमेंटचा हौद असून त्याला स्पंज फिल्टर नसेल, तर अझोलाच घ्या म्हणेन, तिथे मुळांचा प्रश्नच येत नाही. फ्लॅटमध्ये काचेची टाकी आणि आत गोल्डफिश असतील तर मी डकवीडकडे झुकतो. तुमचे मासे वेगळे वागू शकतात, म्हणून आधी दोन्हींची एकेक मूठ मागून आणा आणि मुळांचं काय करतात ते आठवडाभर बघा.

बियाणं तलावातून मात्र उचलू नका. नाल्याचं पाणी मिळतं तिथलं डकवीड जड धातूही शोषून घेतं. मासे पाळणाऱ्या कुणाकडून चहाचा एक कप भरून घ्या, तेवढं पुरतं. आणल्यावर पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवा, दोन-तीनदा साध्या पाण्यातून काढा आणि पंधरा दिवस वेगळ्या घमेल्यात ठेवा. माझ्या पहिल्या घमेल्यात नवव्या दिवशी चतुराची अळी निघाली होती, नखाएवढी. पिल्लांच्या टाकीत गेली असती तर एक पिल्लू उरलं नसतं.