पाय उचलला, म्हणून 42,000 दिले

लकव्यानंतर बऱ्याच जणांचा चवडा लोंबतो आणि चालताना जमिनीला घासतो. डॉक्टर त्याला फूट ड्रॉप म्हणतात. रामबागेत राहणाऱ्या आमच्या भाऊकाकांचं तेच झालं होतं. फिजिओथेरपी चालू होती, फरक हळूहळू पडत होता. इंदूरसारख्या एवढ्या मोठ्या गावात अशा घरांचा पत्ता मशीन विकत फिरणाऱ्या लोकांना नेमका कसा लागतो, देव जाणे. एक गोडबोल्या बॅग घेऊन आला, काकूंच्या हातचा चहा प्यायला आणि मग त्यानं मशीन बाहेर काढलं.

गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडाचा उंचवटा हाताला लागतो. त्याच्या जरा खाली एक पॅड चिकटवलं, दुसरं नडगीच्या बाहेरच्या अंगाला. बटण फिरवलं आणि काकांचा चवडा सर्रकन वर आला. काकूंच्या डोळ्यांत पाणी. तो म्हणाला, "देखिए माताजी, मरी हुई नस ज़िंदा हो गई!" किंमत 42,000 रुपये, रोख. वर 'व्यायाम बंद ठेवा, नाहीतर नस कन्फ्यूज होते' हा फुकटचा सल्ला.

चवडा उचलला गेला, यात हातचलाखी काही नव्हती. खोटा होता तो त्याचा अर्थ. लकव्यात इजा मेंदूत होते, पायातली नस सहसा शाबूतच असते. मेन स्विच बिघडला म्हणून भिंतीतली वायर जळालेली नसते. ती नस त्या उंचवट्याजवळ अगदी कातडीलगत असते. तिथे विजेचे छोटे झटके दिले की नस चेतते आणि तीच स्नायूला आखडायला लावते. साधारण 200 ते 400 मायक्रोसेकंदांचा झटका, सेकंदाला 30-40 वेळा, एवढ्यानं काम होतं. नस खरोखर मेली असती, तर इतक्या छोट्या झटक्यानं चवडा हललाच नसता. थेट स्नायू चेतवायला कितीतरी लांब, मिलिसेकंदांत मोजायचे झटके लागतात. म्हणजे त्याचा 'पुरावा' त्याच्याच दाव्याच्या उलट होता! चेतवलेला स्नायू लवकर थकतोही, त्यामुळे दिवसभर सतत झटके देत राहण्यात अर्थ नाही.

उपचार मात्र खोटा नाही. 1961 साली अमेरिकेत लिबरसन नावाच्या डॉक्टरांनी टाचेखाली स्विच बसवून, पाऊल उचलताना हीच नस चेतवण्याची पद्धत मांडली. आजही ती वापरतात, पण रुग्णानं स्वतः जोर लावायचा, चालायचा सराव करायचा आणि त्याच्या जोडीला वीज. व्यायाम बंद करून नव्हे. त्याचं ऐकून काकांनी व्यायाम बंद ठेवला आणि ते आठवडे वाया गेले, याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

काकांच्या फिजिओथेरपिस्टनं डबा पाहिला. तसंच मशीन बाजारात काही हजारांत मिळतं. डब्यावर ना बनवणाऱ्याचं नाव, ना लायसन्स नंबर. बिलाऐवजी 'सहयोग राशि'ची पावती. फोन अर्थातच बंद.

लकवा बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या 'ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज' कायद्यानं बंदी आहे. त्याच्या यादीत हा आजार नावानिशी आहे. घरात असं मशीन आलं, तर डब्याचा आणि पावतीचा फोटो काढून ठेवा, ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करा. आणि रुग्णाला पेसमेकर असेल तर पॅड लावूच देऊ नका. त्या माणसानं काकांना हे विचारलंसुद्धा नव्हतं.