पोर्ट लुईसचा आप्रवासी घाट: सावकाश पाहावी अशी जागा

मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईस येथील आप्रवासी घाट इतका लहान आहे की घाईतला पर्यटक पंधरा मिनिटांत तो पाहून बाहेर पडेल. मी तेथे संपूर्ण सकाळ घालवली आणि तीही अपुरी पडली.

भारतातून कराराने आणलेल्या मजुरांसाठी 1849 मध्ये उभारलेल्या या आगमन-केंद्रातील रुग्णालयाचा भाग, प्रवेशद्वार, मजुरांच्या निवाऱ्याचे अवशेष आणि धक्क्यावरून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या एवढेच आता प्रामुख्याने उरले आहे. 2006 मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो वास्तूच्या भव्यतेसाठी नव्हे. गुलामगिरी संपुष्टात येत असताना कराराने बांधलेल्या मजुरांवर ऊसमळे चालवता येतील का, हे ब्रिटिश सरकारने या बेटावर आजमावून पाहिले. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अॅटलस’ जहाजातून 36 मजूर उतरले आणि 1920 पर्यंत हा आकडा जवळजवळ पाच लाखांवर गेला.

शेजारचे माहिती केंद्र या जागेच्या जतनासाठी झटलेले पत्रकार बिक्रमसिंग रामलाला यांच्या नावाने आहे. भरतीपासून नोंदणीपर्यंतचा प्रवास येथे नीट उलगडतो. महिना पाच रुपये मजुरी, सोबत तांदूळ, डाळ, मीठ आणि कपडे, पाच वर्षांचा करार, आणि एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची पद्धत, हा तपशील ठाऊक असेल तर या पायऱ्यांकडे केवळ दुःखाची खूण म्हणून पाहता येत नाही. साखरेच्या साऱ्या व्यापाराचा हिशेब येथे माणसागणिक मांडला जात होता, आणि मला ही जागा महत्त्वाची वाटते ती त्यामुळेच.

केंद्राचा भर आगमनावर आहे आणि ते त्याच्या स्वरूपाला साजेसेच आहे. मात्र पुढची हकिकत जाणून गेल्यास भेट अधिक अर्थपूर्ण होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साखरेचे भाव घसरले, तेव्हा मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. सरदार म्हणजे मुकादम आणि काटकसरीने पैसा साठवलेले मजूर यांनी त्या घेतल्या, आणि गिरमिटिया म्हणजे करारबद्ध मजुरांच्या कुटुंबांतून छोटे ऊस-बागायतदार तयार झाले. या समाजाच्या शिक्षणाला आणि राजकीय बळाला, माझ्या मते, या जमिनीने मोठा आधार दिला. तेथील चलनाचे नाव आजही रुपया आहे, यातही भारताशी असलेल्या त्या व्यवहारांचा ठसा आहे.

मराठी वाचकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने मुंबई बंदरातून आलेल्यांची संख्या बरीच कमी होती, तरीही कोकणातून गेलेल्यांच्या वंशजांनी जाखडी हे लोकनृत्य जपले आणि गणेश चतुर्थी ही तेथे सार्वजनिक सुट्टी आहे. हे कळल्यावर मी पायऱ्यांपाशी पुन्हा जाऊन बराच वेळ थांबलो.

प्रवेश विनामूल्य आहे. मुलांना अवश्य न्यावे, पण आधी घरी नकाशा उघडून मुंबई ते पोर्ट लुईस हे अंतर त्यांना दाखवावे. ज्यांच्या घराण्यातील कोणी त्या काळी मॉरिशसला गेल्याचे सांगितले जाते, त्यांनी मोका येथील महात्मा गांधी संस्थेसाठी वेगळा दिवस राखून ठेवावा, कारण आप्रवाशांच्या मूळ नोंदवह्या आणि छायाचित्रे तेथे आहेत.