एम१ मॅकबुक एअरवर लिनक्स आणि ओपनबीएसडी : नऊ महिने वापरून झाल्यावर

"मॅकओएस वापरायचंच नव्हतं तर मॅक कशाला घेतलास?" या नऊ महिन्यांत इतक्या जणांनी विचारलंय की उत्तर आता तोंडपाठ आहे. पंखा नाही, वजन नाही, बॅटरी दिवस काढते, आणि वापरलेला घेतला म्हणून परवडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ओळखीतल्या एकाकडून घेतला : एम१, आठ जीबी मेमरी, २५६ जीबी डिस्क. माझं काम दोन तऱ्हेचं. एरवी दोन-तीन ग्राहकांचे सर्व्हर सांभाळायचे, आणि पावसाळा लागला की दिवाळी अंकांची जुळणी. टर्मिनल, ब्राउझर, लिबरऑफिस आणि पानं जुळवायचं स्क्रायबस एवढ्यात माझं भागतं. त्यामुळे व्हिडिओ एडिटिंग कसं होतं, गेम किती वेगात पळतात, हे वाचायला आला असाल तर इथे फारसं काही मिळणार नाही.

ॲपलने एम१ जाहीर केला १० नोव्हेंबर २०२० ला. हा ६४ बिट एआरएम प्रोसेसर, आणि एआरएमवर लिनक्स आणि बीएसडी (ओपनबीएसडी ज्या कुटुंबातलं ते) या मोकळ्या ऑपरेटिंग सिस्टिम कितीतरी वर्षं चालत होत्या. कंपायलर, म्हणजे प्रोग्राम प्रोसेसरच्या भाषेत उतरवणारा, तयार; कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तयार. मग उशीर का लागला? मलाही आधी हेच वाटायचं. पण गावची भाषा येते म्हणून गावातल्या वाटा ठाऊक असतात असं नाही. एआरएमच्या बहुतेक चिपांमध्ये जीआयसी नावाचा ठरलेला इंटरप्ट कंट्रोलर (निरनिराळ्या भागांच्या हाका, म्हणजे इंटरप्ट, प्रोसेसरपर्यंत पोचवणारा) असतो. ॲपलने स्वतःचा वेगळा केलेला. टायमरचे इंटरप्ट एफआयक्यू नावाच्या आडवाटेने येतात, आणि लिनक्सच्या ६४ बिट एआरएम कर्नलने त्या वाटेला तोवर पाऊलच टाकलं नव्हतं. डिस्क एनव्हीएमई जातीची खरी, पण ती नेहमीसारखी पीसीआय या जोडणीवर बसलेली नाही, चिपच्या पोटात स्वतःच्या सहप्रोसेसरामागे आहे. लॅपटॉपचा कीबोर्ड यूएसबीवर नाही, एसपीआय या वेगळ्याच जोडणीवर आहे. साध्या पीसीत कुठला भाग कुठे आहे याचा तक्ता फर्मवेअर (मशीनमधलं अंगभूत सॉफ्टवेअर) एसीपीआय या ठरलेल्या पद्धतीने हातात ठेवतं. इथे तो तक्ता, म्हणजे डिव्हाइस ट्री, एकेक ओळ शोधून हाताने लिहावा लागला. आणि यातल्या कशाचंही मॅन्युअल ॲपलने दिलेलं नाही.

हे काम असाही लिनक्स या प्रकल्पाने केलं. हेक्टर मार्टिन यांनी तो सुरू केला. नाव मला फार आवडतं : मॅकिंटॉश या सफरचंदाच्या जातीला जपानमध्ये 'असाही' म्हणतात. मॅन्युअल नाही तर माहिती काढली कशी, हा यातला सगळ्यात चविष्ट भाग. त्यांचा एम१एन१ नावाचा छोटा बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम, आहे. तो हायपरवायझर म्हणूनही चालतो. म्हणजे मॅकओएसलाच त्याच्या डोक्यावर चालवायचं आणि खाली बसून बघायचं की ते कुठल्या रजिस्टरमध्ये कधी काय लिहितं. दुधात पाणी कुठे घालतात ते कळायला गोठ्यात लपून बसावं, तसं. या नोंदींवरून ड्रायव्हर लिहिले गेले. जून २०२१ च्या लिनक्स ५.१३ मध्ये एम१ आला, पण ना डिस्क, ना वायफाय. सामान्य माणसाला टाकून बघण्यासारखी अल्फा आवृत्ती मार्च २०२२ मध्ये, आणि मी वापरतो तो फेडोरा असाही रीमिक्स (फेडोरा या लिनक्सची असाही आवृत्ती) डिसेंबर २०२३ मध्ये. चिप आल्यापासून तीन वर्षं झाली होती.

इन्स्टॉलेशन मॅकओएसच्या टर्मिनलमधूनच होतं. एक ओळीची आज्ञा, मग प्रश्नोत्तरं. डिस्कचं विभाजन इन्स्टॉलरच आटोपतो, आणि वायफायचं फर्मवेअर मॅकओएसमधून उचलून डिस्कच्या ईएफआय नावाच्या वेगळ्या भागावर ठेवतो, कारण ते वाटायचा अधिकार प्रकल्पाला नाही. शेवटी तो बजावतो : मशीन पूर्ण बंद करा, थोडं थांबा, मग पॉवरचं बटण दाबून धराच. मी आधी एकदा टिचकी मारली आणि मग धरलं. ही वेगळी गोष्ट आहे, तीत वेगळी रिकव्हरी उघडते आणि पुढची पायरी अडते. सूचना ठळक होती, मी वाचली नाही. अर्धा तास मंच शोधण्यात घालवल्यावर तीच ओळ पुन्हा दिसली. एक गोष्ट ॲपलच्या बाजूने सांगायला हवी : परका कर्नल चालवायची ही वाट कुणी कुलूप फोडून काढलेली नाही. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी सुरक्षेची पातळी वेगळी ठेवायची सोय त्यांनीच दिली आहे. मालक स्वतः मशीनसमोर बसून पासवर्ड देतो, मग ती पातळी उतरते.

मॅकओएस पूर्ण पुसू नका. फर्मवेअरची अद्ययावतं तिथूनच येतात. मी त्याला सत्तर जीबी देऊन कोपऱ्यात बसवलंय.

पहिल्या दिवशी चकित केलं ते स्पीकरांनी. वाजले म्हणून नाही. ते वाजवायला जी उठाठेव करावी लागली ती वाचून. या लॅपटॉपचे स्पीकर छोटे, त्यांना ढकलणारा ॲम्प्लिफायर तगडा. पूर्ण जोर लावला तर कॉइल जळू शकते. ती जळू नये याची काळजी हार्डवेअर घेत नाही, मॅकओएसमधलं एक गणिती मॉडेल घेतं : किती करंट गेला, किती व्होल्टेज, त्यावरून कॉइल किती तापली असेल. लिनक्सवर ते मॉडेल नव्याने लिहावं लागलं. ते होईपर्यंत स्पीकर बंदच ठेवले होते. आता स्पीकरसेफ्टीडी नावाचा प्रोग्राम पार्श्वभूमीला सतत हिशेब करतो, आणि तो पडला तर कर्नल आवाज खाली आणतो. प्रोसेसर सपोर्ट म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर कंपायलर येतो. इथे कुणीतरी मापं घेऊन, उष्णतेचं गणित मांडून, किशोरीताईंचा भूप माझ्या टेबलावर नीट ऐकू येईल अशी सोय केली आहे. माइकचंही तेच. तीन माइकांची रांग आहे, आणि ते चहूबाजूंचं सगळं ऐकतात. त्यातून समोरच्याचा आवाज वेगळा काढायला स्वतंत्र प्रोग्राम लिहावा लागला. ते काम २०२५ मध्येच आलं. सुरुवातीचे काही आठवडे मी हेडफोन लावूनच मीटिंगा केल्या.

ग्राफिक्सची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, म्हणून थोडक्यात. अलिसा रोझेनझ्वाइग यांनी जीपीयूची, म्हणजे ग्राफिक्स सांभाळणाऱ्या भागाची, आज्ञावली उलगडली, असाही लिना या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने कर्नलमधला ड्रायव्हर रस्ट या भाषेत लिहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये याला ओपनजीएल या ग्राफिक्सच्या मानकाच्या ४.६ आवृत्तीची अधिकृत मान्यता मिळाली. याच मशीनवर ॲपलचं स्वतःचं ओपनजीएल ४.१ वर थांबलेलं आहे. माझ्यापुरतं म्हणाल तर केडीई या डेस्कटॉपची खिडकी ओढली की ती ओढली जाते, आणि दोनशे पानांचं पीडीएफ झरझर सरकतं.

मराठी टंकलेखनाला काहीच त्रास नाही. कीबोर्ड सेटिंगमध्ये भारतीय गटातलं मराठी इनस्क्रिप्ट निवडलं, काम झालं. जोडाक्षरं, रफार, 'ऱ्ह' सगळं नीट, कारण अक्षरं जुळवणाऱ्या हार्फबझला खाली कुठला प्रोसेसर आहे याच्याशी देणंघेणं नाही. हाच मजकूर, हाच मुक्ता टंक, माझ्या जुन्या पीसीवर आणि इथे टाकून दोन्ही पानं उजेडात एकमेकांवर धरली; ओळी जिथल्या तिथे तुटल्या होत्या. दिवाळी अंकवाल्याला यापलीकडे काय हवं?

पण छापखान्याशी गाठ पडली आणि मामला बिघडला. आपल्याकडे अजून कितीतरी लेखक, कितीतरी छापखाने युनिकोडपूर्व टंकांतला मजकूर पाठवतात. तो उघडायचं सॉफ्टवेअर विंडोजचं, जुन्या इंटेल प्रोसेसरासाठी बांधलेलं, वर डोंगल (संगणकाला लावायची परवान्याची किल्ली) मागणारं. असाहीत इंटेलचे प्रोग्राम चालवायची सोय ऑक्टोबर २०२४ पासून आहे, पण ती सरळ नाही. या चिपच्या भागांना मेमरी दाखवणारा आयओएमएमयू १६ केबीच्या पानांचा (मेमरी ज्या तुकड्यांनी वाटली जाते ती पानं), म्हणून कर्नलही १६ केबीचा. इंटेलच्या प्रोग्रामांना ४ केबीची पानं लागतात. तोडगा असा काढलाय की ४ केबीचा कर्नल घेऊन एक छोटं आभासी मशीन उभं करायचं आणि प्रोग्राम त्यात चालवायचा. कल्पना देखणी आहे. गेमसाठी ते १६ जीबी मेमरी सुचवतात, माझ्याकडे आठ. त्यात डोंगलची भानगड. एक शनिवार घालवला आणि जुना विंडोज पीसी माळ्यावरून खाली आणला. तो अजून खालीच आहे. या १६ केबीचा आणखी एक काटा : फेडोराची स्वतःची पॅकेजं बिनघोर चालतात, पण बाहेरून उतरवलेली तयार बायनरी ४ केबी धरून बांधलेली असेल तर उघडताक्षणी पडते. अशी दोन हत्यारं मी स्रोतावरून पुन्हा बांधून घेतली.

आता जे नाही ते. बोटाचा ठसा चालत नाही. यूएसबी-सी मधून बाहेरचा पडदा चालत नाही, आणि पडदा जोडायला एअरला दुसऱ्या तऱ्हेचं भोकच नाही. हे प्रकल्पाच्या तक्त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. तरी एका महाविद्यालयात व्याख्यानाला गेलो तेव्हा प्रोजेक्टरची वायर हातात घेतल्यावर आठवलं. शेवटी सव्वाशे मुलांना तोंडी समजावलं, फळ्यावर खडूने इंटरप्टची चित्रं काढली. पुढच्या वेळेपासून सादरीकरण पेनड्राइव्हवर. झोपेचं म्हणाल तर झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, पण गाढ नाही. मॅकओएसमध्ये दोन दिवसांनी उघडला तरी चार्ज जवळपास तसाच असायचा, इथे एका रात्रीत जाणवेल इतका उतरतो. मी आता झोपताना बंदच करतो. उघडताना सफरचंदाच्या जागी असाहीचं चिन्ह येतं. शेजारचा पोरगा एकदा टक लावून बघत होता. "काका, तुमचं सफरचंद कुणी खाल्लं?"

एप्रिलमध्ये हौस म्हणून ओपनबीएसडी ७.७ टाकलं. त्यासाठी असाहीच्याच इन्स्टॉलरमध्ये 'फक्त यूईएफआय' असा पर्याय आहे. एम१एन१ च्या पुढे यू-बूट हा दुसरा बूटलोडर येतो, आणि मग यूएसबीवरची कुठलीही सिस्टिम ओळखीच्या पद्धतीने सुरू होते. या चिपांसाठीचं यू-बूटचं काम मार्क केटेनिस यांचं, आणि ते ओपनबीएसडीचे डेव्हलपर. म्हणजे माझं लिनक्स रोज सकाळी ज्या पायरीवरून वर येतं ती ओपनबीएसडीवाल्याने रचलेली आहे, आणि माझं ओपनबीएसडी ज्या उंबऱ्यातून आत येतं तो लिनक्सवाल्यांचा. दोन्हीकडच्या परवान्यांवर रात्र-रात्र भांडणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

ओपनबीएसडीने एम१ 'सर्वसाधारण वापरायला तयार' म्हणून जाहीर केला तो ७.१ मध्ये, एप्रिल २०२२. तिथे हातावर मोजण्याइतकी माणसं हे करतात, आणि ते ड्रायव्हरांच्या नावांतही दिसतं : एपीएलइंटसी, एपीएलडार्ट, एपीएलएनएस. बूटचे संदेश वाचत गेलं की अख्खी चिप ओळीने उलगडते, आणि प्रत्येक नावाला मॅन्युअलचं पान आहे. ॲपलने जे मॅन्युअल दिलं नाही ते असं तुकड्यातुकड्याने मला इथे सापडलं. वायफाय पहिल्या बूटला लागलं. कीबोर्ड, डिस्क, प्रोसेसरचा वेग कमी-जास्त होणं, सगळं जागच्या जागी. मात्र ग्राफिक्सचा प्रवेग नाही; पडद्यावरचा प्रत्येक ठिपका प्रोसेसर स्वतः रंगवतो. टर्मिनलला काही फरक पडत नाही, पण ब्राउझरात व्हिडिओ लावला की लॅपटॉप गरम होतो. सर्व्हरचं काम मी महिना-दीड महिना तिथूनच केलं. जुलैत जुळणी सुरू झाली तसा फेडोरावर परतलो. डिस्कवरचे २० जीबी अजून ओपनबीएसडीकडे आहेत.

मधल्या काळात माणसं पांगली, ते सांगायलाच हवं. मी मशीन घेतलं त्याच फेब्रुवारीत मार्टिन प्रकल्पप्रमुखपदावरून बाजूला झाले. कर्नलमध्ये रस्टला जागा किती यावरून तेव्हा बरीच जुंपली होती. ऑगस्टमध्ये रोझेनझ्वाइग यांनीही जीपीयूचं आपलं काम पुरं झाल्याचं सांगून निरोप घेतला. घाबरून मी तेव्हा मॅकओएसची जागा वाढवायचा विचार केला होता. पण अद्ययावतं येत राहिली, फेडोरा ४१ वरून ४२ वर मी एका संध्याकाळी गेलो, काही मोडलं नाही. उरलेल्या मंडळींनी नव्या चिपांमागे धावणं थांबवून हाताशी असलेलं ठिगळकाम (पॅच) मूळ कर्नलमध्ये पोचवायला प्राधान्य दिलं, आणि माझ्यासारख्या एम१वाल्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचं आहे. जे मूळ कर्नलमध्ये गेलं ते कुणी सोडून गेलं तरी टिकतं. वेगळ्या फांदीवर राहिलेलं प्रत्येक नव्या कर्नलबरोबर पुन्हा बसवावं लागतं, आणि जीपीयूचा तो रस्टमधला ड्रायव्हर अजून फांदीवरच आहे. तिकडे दुकानात ऑक्टोबरमध्ये एम५ आला, आणि इन्स्टॉलर अजून एम१ आणि एम२ एवढीच नावं घेतो. याचा सरळ अर्थ हा की असाही चालवायचं तर मशीन वापरलेलंच घ्यायचं.

घेणार असाल तर दोन गोष्टी. आठ जीबी घेऊ नका. ब्राउझरचे पंधरा टॅब आणि स्क्रायबस एकत्र उघडलं की माझं मशीन दमतं, आणि मेमरी नंतर वाढवता येत नाही. दुसरं, पडदा किंवा प्रोजेक्टर लागत असेल तर एअर सोडा, एम१ मॅक मिनी बघा. त्याच्या एचडीएमआयवर चित्र येतं. यंदाचे दोन्ही अंक मी याच एअरवर जुळवून वेळेत छापायला दिले. त्यातल्या एकात जुन्या टंकातली एक कथा आली होती, ती मात्र माळ्यावरून उतरवलेल्या पीसीवरच उघडली.