स्वतःवरून पात्र लिहायला फोनचं व्हॉइस टायपिंग: वऱ्हाडीत कितपत कामाचं?

शॉर्टफिल्मसाठी स्वतःवरूनच पात्र रचायचं, तर कच्चा माल म्हणजे आपलं बोलणं. ते उतरवून घ्यायला जीबोर्डचं मराठी व्हॉइस टायपिंग आणि गूगल डॉक्स ही फुकटातली जोडी बरी आहे. वावरात रेंज नसली तर डॉक्समधली फाइल आधीच ऑफलाइन करून ठेवावी, हाताने लिहिणं तरी अडत नाही.

खरी अडचण बोलीची. 'मले कायले सांगून रायला?' म्हटलं की स्क्रीनवर बरेचदा 'मला कशाला सांगून राहिला' असं काहीतरी उमटतं. यंत्र जास्त वापरातला शब्द निवडतं, आणि पात्र यवतमाळचं उरत नाही. जीबोर्डच्या पर्सनल डिक्शनरीत मले, तुले, काहून, पोट्टा, धुरा हे शब्द भरून ठेवा. टाइप करताना ते सुचवले जातात. बोलताना मात्र त्यांचा भरवसा नाही. मराठीत बोलून विरामचिन्हं नीट पडतीलच असं नाही, त्यामुळे दहा मिनिटांचं बोलणं बरेचदा एकच लांबलचक परिच्छेद होऊन पडतं. शिवाय अडखळणं आणि गप्प राहणं कुठेच दिसत नाही, आणि स्वभाव तर तिथंच कळतो. म्हणून दुसऱ्या फोनवर साधं रेकॉर्डिंग लावा (एकाच फोनवर दोन ॲपना एकाच वेळी माइक धड वापरता येत नाही). फोन तोंडापासून वीतभर लांब, पंखा बंद.

मजकूर हाती आला की खरं काम सुरू होतं, आणि त्यात हे साधन काडीची मदत करत नाही. आधी सगळीकडचा 'मी' काढून पात्राला वेगळं नाव द्या. मग जे दिसत नाही, ऐकू येत नाही, ते खोडा. 'त्याला अपमान वाटला' याचं शूटिंग होत नाही. जिनिंगवर कापसात ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला म्हणून भाव पाडला. तो काटापट्टी (वजनाची पावती) दोनदा वाचतो, घडी करून खिशात घालतो आणि म्हणतो, 'बराबर हाय शेठ.' याचं होतं.

स्वतःवरचं पात्र हमखास दोन ठिकाणी फसतं. ते नुसतं बघत राहतं, आणि कायम बरोबर असतं. पहिल्यावर उपाय: प्रत्येक दृश्यात त्याला कोणाकडून तरी काहीतरी हवं असू द्या, मग ते उसने पाचशे रुपये का असेना. दुसऱ्यासाठी बायको, भाऊ किंवा सालदाराला विचारा, 'माह्यातलं काय खटकते?' उत्तर सफाई न देता रेकॉर्ड करा आणि तोच दोष कथेचं वळण करा. एवढं जमलं की धंदा किंवा वय बदला; मग लिहिणाऱ्याला त्याच्याशी निर्दय होता येतं.

एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशोब १२ पॉइंट कुरियरमधल्या इंग्रजी पटकथेचा आहे. देवनागरीत तो धरू नका. संवाद मोठ्याने वाचून घड्याळ लावा.

दिग्दर्शकाला पाठवताना वर्ड फाइलसोबत पीडीएफही द्या. त्याच्या संगणकावर तोच फाँट नसला तर मांडणी हलते, आणि संवाद कुठे संपला हेच कळत नाही.