कॉर्पोरेट रेटवर आठ महिने

कंपनीने हॉटेलशी ठरवलेल्या सवलतीच्या दराचा कोड टाकून हॉटेल बुक करायला लागलो त्याला आठ महिने झाले. महिन्याला दोन-तीन मुक्काम धरा. सवलत चांगली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती पडताळणीबद्दल.

बुकिंग करताना कोणी काही विचारत नाही. कोड टाकला की दर उतरतो. खाली बारीक अक्षरांत असतं, की चेक-इनला कंपनीचा पुरावा मागितला जाऊ शकतो. या ‘जाऊ शकतो’मध्येच सगळी गोम आहे. सुरुवातीच्या पाच-सहा मुक्कामांत कोणीच मागितला नाही, आणि मी ओळखपत्र घरीच ठेवायला लागलो.

मग एका रात्री उशिरा पोचलो, हॉटेल फुल्ल. रिसेप्शनवरच्या मुलीने आयडी मागितला. मी व्हिजिटिंग कार्ड दिलं. त्यावर कंपनीचं विलीनीकरणाआधीचं नाव, तिच्या स्क्रीनवर नवं. तिने कार्ड उलटून पाहिलं, मागे कोरं, परत दिलं. पुरावा नसेल तर त्या दिवसाचा खुला, म्हणजे सवलतीशिवायचा दर लागेल म्हणाली. शेवटी मोबाइलवर पगाराची स्लिप उघडली आणि आकड्यांवर अंगठा ठेवून तिला वरचं नाव दाखवलं. चाललं.

तेव्हा चिडलो होतो, पण हॉटेलचंही खोटं नाही. कंपनी वर्षाला अमुक इतक्या रात्री देईन म्हणते, त्यावर हा दर ठरतो. कोड मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर कुठूनही कुठे जातो. शिवाय काही करारांत शेवटची खोली उरेपर्यंत ठरलेलाच दर द्यावा लागतो. म्हणजे फुल्ल रात्री भलत्याने कोड वापरला की नुकसान थेट. आयडी नेमका अशाच रात्री मागतात, असा माझा तरी संशय आहे.

खासगी सहलीला कोड चालतो का, हे करारावर असतं. मी कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कला आधी विचारलं, होकाराचा मेल प्रिंट करून नेला. आणि हो, कोड न टाकताही एकदा दर बघा. दोनदा मेंबर रेट, म्हणजे हॉटेलच्या सदस्यांचा दर, स्वस्त निघाला. फक्त तो आगाऊ पैसे भरून, रद्द केला तर गेले. कंपनीच्या दरात नाश्ता धरलेला होता.

बुकिंगच्या वेळीच ऑफिसच्या मेलवर ओटीपी पाठवला तर काउंटरवरची ही कटकट बरीच कमी होईल. तोवर माझं ओळखपत्र मोबाइलच्या कव्हरमागे.